नको असलेल्या आठ फायली

शिवाजी पेठेतल्या आमच्या ऑफिसात दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर बनतं. त्याचा सांगाडा मी रचला. त्यात साधा एक स्क्रीन वाढवायचा तरी कोडच्या अकरा फायली बदलाव्या लागत. गडमुडशिंगीहून येणारी एक नवी मुलगी तिसऱ्या महिन्यात म्हणाली, "काका, माझ्या डोक्यात शिरतच न्हाय," आणि नोकरी सोडून गेली. मी तिला जाऊ दिलं. त्या अकरातल्या आठ फायलींची गरज नव्हती, हे मला माहीत होतं. माझ्यावाचून सगळ्यांचं अडावं म्हणून मी त्या ठेवल्या होत्या.

यंदा, सत्तरीत, त्या काढून टाकल्या. धंद्यातला माझा भागीदार भडकला, "तात्या, आता कोणबी येऊन काम करंल की."

"म्हणूनच काढल्या," मी म्हणालो. मग त्याच्यासमोरच त्या मुलीला फोन लावला. "पोरी, तुझं डोकं ठीक होतं. गुंता मी मुद्दाम ठेवला होता."