हवेच्या नळीतला पंचा

सुक्या बोंबलांचा वास आला की वर्सोव्याच्या आमच्या गल्लीतली ती सकाळ आठवते. शिमग्याला आठ दिवस गावी जाऊन आलो, तर गाडीत दमच नव्हता. ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी पुलाच्या चढावर ती रडायची. जाण्याआधी शेजारच्या कोळणीशी माझं भांडण झालं होतं, कारण बोंबील वाळवायचे तिचे बांबू माझ्या गाडीला खेटून असायचे. संशय तिच्यावरच गेला. "तूच काहीतरी केलंयस," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "मी बोंबील सुकवते रे दादा, गाड्या नाय," ती म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला. मेकॅनिकने प्लग पाहिले, पेट्रोलचा फिल्टर पाहिला, शेवटी इंजिनाकडे हवा नेणारी नळी उघडून आतून फडकं ओढून काढलं. "साहेब, हे मुद्दाम कोंबलंय. कुणाशी दुश्मनी आहे काय?" तो माझाच जुना पंचा होता. उंदीर शिरू नयेत म्हणून गावी निघताना मीच कोंबला होता आणि साफ विसरलो होतो. कोळीण समोरच उभी होती. "असेल कुणीतरी," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिने बांबू उचलले. आता तिथे माझी गाडी ऐसपैस उभी असते. ती दिसली की मी आजही मान फिरवतो, आणि तिला वाटतं, माझा राग अजून गेलेला नाही.