विस्तव राखणारा माणूस

बेलव्ह्यूच्या पूर्वेला डोंगरउतारावर आम्ही घर घेतलं, तेव्हा हॉलमध्ये लाकडं जाळायचा एक काळा लोखंडी स्टोव्ह होता. बायको म्हणाली, "काढून टाकू. घरात हीटर आहे की."

"वादळात वीज गेली की हाच कामाला येईल," मी म्हणालो. खरं कारण निराळं होतं. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या मला, आपल्याला काहीतरी रांगडं जमतं, हे कुणाला तरी दाखवायचं होतं.

पहिल्याच थंड सकाळी मी धुराड्याची झडप उघडायला विसरलो. घरभर धूर झाला, अलार्म केकाटू लागला. शाळेला निघालेली मुलगी नाक दाबून म्हणाली, "बाबा, आर यू बार्बेक्यूइंग द सोफा?"

मी हरलो नाही. व्हिडिओ बघितले, चौकड्यांचा जाड शर्ट आणला, कुऱ्हाड आणली. शर्ट तेवढा मला शोभला. रात्री झोपताना निखारे राखेखाली झाकायचे, वर मोठे ओंडके ठेवायचे, हवा कमी करायची, म्हणजे सकाळपर्यंत विस्तव टिकतो, असं कळलं. आणि तो टिकायला लागला! सकाळी उठून खाली यावं तर घर उबदार, आत लाल निखारे. मी एक लाकूड सरकवलं की भपकन पेट घ्यायचं. माझी छाती फुगायची.

मग काय, जिथे जाईन तिथे हाच विषय. एका मित्राकडे जेवायला गेलो असताना मी चारचौघांत सांगितलं, "विस्तव राखणं ही कला आहे यार. हात असावा लागतो." बायको शेजारी भजी खात होती. गप्प होती. मला वाटलं, कौतुकानं.

त्या हिवाळ्यात ती काही दिवस बहिणीकडे जर्सी सिटीला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर नाक गार. स्टोव्हमध्ये नुसती राख. लाकूड ओलं असेल, म्हणून मी दुसऱ्या ढिगातलं आणलं. त्याच्या पुढच्या सकाळीही राखच. मुलगी जॅकेट घालून सीरियल खात होती.

"बाबा, प्लीज टर्न ऑन द हीटर."

"थांब गं, या लाकडातच काहीतरी गडबड आहे."

"इट्स नॉट द वुड. आई लाइट्स इट. एव्हरी मॉर्निंग, बिफोर यू वेक अप." आणि मग, जरा दया येऊन, "आय थॉट यू न्यू."

मी तिथूनच बायकोला फोन लावला. "रोज सकाळी स्टोव्ह तू पेटवतेस?"

पलीकडून हसू आलं. "अरे, पहिल्या आठवड्यात बघितलं, सकाळी सगळं विझलेलं. मला थंडी वाजत होती, पेटवला."

"मग सांगायचं ना!"

"सांगणारच होते. पण तू खाली आलास, आत डोकावलास आणि इतका खूश झालास, की राहूनच गेलं."

"आणि मी त्या दिवशी लेक्चर देत होतो तेव्हा?"

"तेव्हा फार अवघड गेलं रे. भजी घशात अडकली होती."

फोन ठेवल्यावर कान गरम झाले होते. घरात तेवढीच काय ती ऊब. मग हळूहळू डोळ्यांपुढे आलं: अंधारात शाल गुंडाळून स्टोव्हपुढे उकिडवी बसलेली, फुंकर घालणारी बायको. ऑफिस तिलाही होतं. आणि मी वर गादीत, उद्याच्या फुशारकीची तयारी करत घोरतोय.

ती परत आली तशी मी जाहीर केलं, "यापुढे मी पेटवणार." तिनं एकदाही "राहू दे" म्हटलं नाही.

आता आधी मी उठतो. काटक्या, कागद, बोटं काळी. ती वरून पांघरुणातूनच विचारते, "पेटला का रे?"

"पेटतोय," मी म्हणतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. नसेल त्या दिवशी मी गुपचूप हीटर लावतो. तिला ते कळतं, पण ती काही बोलत नाही.