वसंताची टेस्टिंग

लग्नसराई संपली की आमच्या बिछायत केंद्राच्या गोदामात सतरंज्यांची थप्पी लागते. वरची एक ओढायला जा, खालच्या चार अंगावर येतात. किस्स्यांचं तसंच असते. मी बबन, सेलूचा. सातवीत दोनदा बसलो. मास्तर बदलले, मी नाही बदललो! चाळीस वर्षं लोकांच्या लग्नात मांडव टाकले अन् लोकांची टिंगल केली, दोन्ही धंदे सारखेच चालले. आता कोणी विचारलं, "बबनराव, नाशिकले गेलते म्हणे?" की मी एक सांगायला बसतो अन् सहा पडतात. पडू द्या.

* * *

आम्ही तिघं होतो. एक रामटेके गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. दुकानाच्या बोर्डावरच्या माझ्या चुका आजही खडूनं गोल करतात. दुसरा वसंता, माझा माइकवाला. मांडव माझा, आवाज वसंताचा. "हॅलो... माइक टेस्टिंग... वन टू थ्री..." एवढं त्यानं म्हटलं की सेलूतल्या कुत्र्यांनाही कळायचं, आज पंगत आहे!

वसंताची एक खोड होती. हातात चिठ्ठी दिली की तो ती आधी वाचायचा नाही, सरळ माइकवर घ्यायचा. माझं फावायचं. एका लग्नात मी गुपचूप चिठ्ठी सरकवली. वसंतानं खणखणीत आवाजात जाहीर केलं, "नवरदेवाचे दुसरे सासरे जिथं कुठं असतील, त्यांनी ताबडतोब स्टेजवर यावं!"

मग नवरीचा बाप खुर्ची उचलून आमच्याकडे निघाला. आम्ही दोघं कनातीखालून पळालो, पार नाल्यापर्यंत. धापा टाकत वसंता म्हणतो, "बबन्या, मंग ते दुसरे सासरे आले का नाई बे?"

* * *

वसंताच्या गालात कायम खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटलेला. गाल रिकामा असेल तर तो फक्त माइकवर. गेल्या वर्षी जिभेवर फोड आला, तो बरा होईना. नागपूरच्या डॉक्टरनं कागदावर जीभ काढली अन् पेनानं आडवी रेघ मारली. "इथपासून काढावी लागेल." रेघ फार मागं होती हो.

"चव राहणार नाही," डॉक्टर म्हणाले. "बोलणंही लोकांना समजेल याची खात्री देत नाही. पुढच्या सोमवारी भरती व्हा. तोवर जे आवडते ते खाऊन घ्या. दारू मात्र पोटात जाऊ देऊ नका."

वसंताच्या बायकोनं, कमलवहिनीनं, तीन दिवस चूल विझू दिली नाही. पाटोडीचा रस्सा, भरलं वांगं, पुरणपोळी. वसंता घास तोंडात धरायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, अन् ताट सरकवायचा. तिखट झोंबायचं, बाकी काहीच लागायचं नाही. वहिनी आत जाऊन पुन्हा नवीन काहीतरी करायला घ्यायची.

तिसऱ्या दिवशी तो आम्हाला म्हणाला, "जे आयुष्यभर खाल्लं ते लागून नाई राह्यलं. आता एखांदी अशी चीज पाह्यजे, जे या जिभेनं कधी पाह्यलीच नाई. नवीन पाहुणा पाहून तरी उठन का नाई ते?"

त्याचं बोलणं तेव्हाच बोबडं झालं होतं. मी इथं नीट करून सांगतोय.

गुरुजींनी मोबाईलमध्ये वाचून सांगितलं, नाशिककडे द्राक्षांच्या वाईनचे कारखाने आहेत, तिथं माणसं नुसती चव घेतात अन् थुंकून टाकतात. गिळावं लागत नाही.

"थुकाचं?" वसंताचे डोळे चमकले. "गुरुजी, हे त मी जिंदगीभर करूनच राह्यलो!"

* * *

आमचा वर्धा जिल्हा म्हणजे दारूबंदीचा. आमच्याकडे दारूच्या बाबतीत माणसाला एकच शिक्षण मिळते: दाराशी खाकी दिसली की वळायचं. पिणारा असो की नसो, पाय आपोआप वळतात.

नाशिकला गुरुजींच्या जावयानं गाडी करून दिली होती. पहिल्या वायनरीच्या फाटकावर वॉचमन उभा. खाकी कपडे, टोपी, शिट्टी. त्यानं आम्हाला कडक सलाम ठोकला. आम्ही तिघंही एका दमात उलटे फिरलो!

वॉचमन मागं धावला. "ओ काका! ओ काका! या ना!"

गुरुजींनी दोन्ही हात वर केले. "साहेब, आमी आतापर्यंत काईच नाई घेतलं!"

"मग आत चला ना," वॉचमन म्हणाला. "आतच देतात."

गुरुजी माझ्या कानाशी, "बबनराव, याचे वरचे साहेब बी सामील दिसते."

* * *

आत एक पोरगी होती, काळा कोट घातलेली, बोलायला गोड. म्हणाली, "या काका, आधी टेस्टिंग रूममध्ये जाऊ."

वसंता जागीच थबकला. "टेस्टिंग?"

"हो. सगळे तिथंच सुरुवात करतात."

वसंतानं सदऱ्याची कॉलर नीट केली. आत गेला. काचेची भिंत, पलीकडे द्राक्षाचे वेल, उंच खुर्च्या, टांगलेले ग्लास. त्यानं चारी कोपरे पाहिले. "पोरी, माइक कुठं हाय वं?"

पोरगी माझ्याकडे पाहायला लागली. मी म्हटलं, "मॅडम, हा माणूस चाळीस वर्षांपासून टेस्टिंगच करून राह्यला. तुमी त काल आल्या!"

मग वसंतानं काय करावं! समोरचा रिकामा ग्लास उचलला, नखानं दोनदा टकटक केलं, तोंडाजवळ धरला अन् डोळे मिटून, अगदी मांडवातल्यासारखं, "हॅयो... वाईन थेस्थिंग... वन थू थी..."

'ट' निघतच नव्हता. जीभ तिथपर्यंत पोचत नव्हती.

खोलीतल्या पुण्या-मुंबईच्या पोरापोरींनी टाळ्या वाजवल्या. एक जण ओरडला, "काकांना चढली!"

अजून बाटली उघडायची होती.

* * *

गुरुजी पंचशील पाळणारे. पाचव्या शीलाप्रमाणे मादक काही घ्यायचं नाही, अन् त्यांनी आयुष्यात घेतलं नाही. तरी वसंतासाठी आले. पोरीनं ग्लास पुढं केला तर म्हणाले, "मी फक्त वास घेईन. शीलात वासाबद्दल काई लिह्यलं नाई."

पोरगी सांगत होती, "यात बेरी आहे, थोडा व्हॅनिला, मागून ओकच्या लाकडी बॅरलचा स्वाद येतो." मी घोट घेतला. मला शाळेतली शाई आठवली. 

गुरुजींनी ग्लासात नाक घातलं, बराच वेळ ठेवलं. मग म्हणाले, "सतरंजी."

"सॉरी सर?"

"भिजलेली सतरंजी. पावसात भिजून नीट वाळवली नाई, तशीच घडी घातली अशी."

पोरगी उडालीच. "सर, एक्झॅक्टली! अर्थी नोट्स, म्हणजे मातीचा वास! लोकांना हे वर्षवर्ष कळत नाही. तुम्ही याच फील्डमध्ये होता का?"

"नाई," गुरुजी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "मी याच्या सतरंजीवर बसून चाळीस वर्षं जेवलो."

* * *

थुंकायला टेबलावर चकचकीत स्टीलचं भांडं असते. बाकीचे लोक त्यात थुंकताना लाजतात, रुमाल धरतात, अंगावर उडवून घेतात. वसंतानं खुर्चीवर बसल्या बसल्या दोन हातांवरून नेम धरला. एक थेंब बाहेर नाही! लोकांनी मोबाईल काढले. पोरगी म्हणाली, "काका, आमच्या मॅनेजरला पण असं जमत नाही."

"खर्रा खा म्हणा," वसंता म्हणाला. मग, "नाई. नोको खाऊ म्हणा."

दर घोटाला आम्ही विचारायचो, "लागलं का बे काई?" तो अंगठा वर करायचा. "मस्त हाय." दुसऱ्या वायनरीतही तेच. मस्त हाय. मला वाटलं, साधलं आपलं काम.

तिथंच जेवायला बसलो. मला कोकम सरबत दिलं होतं, मीठ-जिरं घातलेलं. वसंता हात धुवायला गेला अन् माझ्या अंगातलं भूत जागं झालं. त्याच्या ग्लासातली वाईन मी थुंकायच्या भांड्यात ओतली अन् त्याच्या ग्लासात कोकम. रंगही जवळपास तोच. गुरुजी डोळे वटारत होते, पण मी कोणाचं ऐकतो!

वसंता आला. ग्लास पोरीनं शिकवला तसा गोल फिरवला. घोट घेतला. या गालातून त्या गालात खेळवला. मी तोंडावर हात दाबून बसलो होतो, आता शिव्या देते, मग देते.

त्यानं नेम धरून थुंकलं अन् अंगठा वर केला. "हे वालं सकाळच्यापेक्षा भारी हाय. द्राक्षच लागून राह्यले."

हसायला उघडलेलं माझं तोंड तसंच राहिलं. गुरुजी ताटात पाहत होते. माझी इतकी जमलेली मस्करी आयुष्यात दुसरी नाही, अन् ती मी वसंताला कधीच सांगितली नाही.

* * *

ऑपरेशननंतर वसंताच्या हातात पाटी आली, नाकात नळी. नळीतून सिस्टर वरणाचं पाणी सोडायची. मी शेजारी बसून म्हटलं, "कसं काय हाय आजचं?" त्यानं डोळे मिटले, ग्लासात नाक असल्यासारखा मोठा वास घेतला अन् पाटीवर लिहिलं: 'ओक'.

सिस्टरला वाटलं ओकारी येते. धावत भांडं घेऊन आली!

वसंताचं अख्खं अंग हसत होतं, आवाज मात्र नाही. वहिनी दारातून पाहत होती. ती म्हणाली, "बबनभाऊ, तुमी रोज येत जा."

मी रोज गेलो.

* * *

पोळ्याच्या आदल्या दिवशी वसंता गेला. शोकसभेला मांडव माझा, सतरंज्या माझ्या, माइकही आमचाच. गुरुजी बोलायला उभे राहिले अन् माइकनं अशी शिट्टी मारली की लोकांनी कानांवर हात ठेवले. कोणी आधी तपासलाच नव्हता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठलो, माइकपाशी गेलो, टकटक केलं. दोन शब्द म्हणायचे असतात, सगळ्या गावाला पाठ आहेत.

नाही म्हणता आले. मी वायर काढून टाकली. गुरुजी तसेच बोलले. मागच्यांना ऐकू गेलं नाही, पण कोणी "आवाज वाढवा" म्हटलं नाही.

* * *

आता हा शेवटचा. हा त्याच दिवसाचा आहे, नाशिकचा. कोकमानंतरचा.

तिसरी वायनरी लहान होती. चार वाजले असतील. तिथली बाई वयानं मोठी होती, चष्म्यातून पाहणारी. वसंता अन् गुरुजी वेल पाहत होते, तेवढ्यात मी तिला बाजूला घेतलं. मस्करी न करता बोलायची मला सवय नाही, म्हणून दोनदा अडखळलो. म्हटलं, "ताई, त्या माणसाची जीभ सोमवारी कापून राह्यले. त्याले काईच लागत नाई अन् आमाले सांगते, मस्त हाय. काई असं हाय का, जे लागन?"

ती आत गेली. एक छोटीशी बाटली घेऊन आली, बिनालेबलची. म्हणाली, "हे टेस्टिंगमध्ये नसतं. वेलीवर द्राक्षं सुकत आली की मग तोडतो, त्याची आहे." तिनं वसंतासमोर एकच ग्लास ठेवला, लहान. बेरी नाही, व्हॅनिला नाही, काही सांगितलं नाही.

वसंतानं फिरवला. तोंडात घेतला.

अन् थांबला.

एरवी तो या गालातून त्या गालात खेळवायचा. आता हललाच नाही. डोळे उघडे, समोर भिंतीकडे. बाईनं थुंकायचं भांडं पुढं सरकवलं. त्यानं एका बोटानं ते परत मागं सरकवलं.

"लागलं का बे?" मी विचारलं.

अंगठा नाही. मान नाही. काहीच नाही.

रेल्वेची वेळ झाली होती. आम्ही त्याला धरून बाहेर आणलं, गाडीत बसवलं. गाल तसेच फुगलेले. मला वाटलं, याले हसवतो, मग बोलन. मी दुसऱ्या सासऱ्याचा किस्सा काढला. नवरीच्या बापाची खुर्ची केली, कनातीखालून रांगून दाखवलं, गाडीच्या सीटवर! ड्रायव्हर हसून हसून स्टिअरिंगवर पडला. वसंता खिडकीतून बाहेर पाहत होता. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. झोंबत होतं का दुसरं काही, मला काय माहीत.

"वसंता, सांग ना बे, काय लागून राह्यलं?"

गुरुजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बबनराव. राहू दे त्याले."

स्टेशन आलं. तो घोट तोंडात धरल्याला वीस-पंचवीस मिनिटं तरी झाली असतील. दारात रेल्वेचा पोलीस उभा होता. तरणा, कडक इस्त्रीचा. पण आता आमच्यातलं कोणी मागं वळलं नाही. त्यानं वसंताचा फुगलेला गाल पाहिला अन् काठी आडवी धरली.

"काय काका, खर्रा? आत घाण करता तुम्ही लोक. तो डबा आहे तिथं. थुंका आधी, मग आत जा."

मी सांगायला पुढं झालो. गुरुजी सांगायला पुढं झाले.

पोलिसानं डब्याकडे बोट दाखवलं. "थुंका म्हटलं ना!"

वसंतानं पिशवी खाली ठेवली, दोन्ही हातांनी तोंड झाकलं, अन् लहान लेकरासारखी जोरजोरात मान हलवली, नाई, नाई, नाई.