सगळीकडे बारा

कळवणच्या एका कॉलेजात देवराम खैरनार एकोणतीस वर्षं फिजिक्सचे लॅब असिस्टंट आहेत. एवढ्या वर्षांत त्यांच्या लॅबमध्ये वाकडं ठेवलेलं स्टूल कुणी पाहिलेलं नाही. टेबलावरून वायर लोंबकळली तरी देवरामभाऊंचा जीव खालीवर होतो.

यंदा सुवर्णा देवरे मॅडमनी एमएस्सीच्या मुलांसाठी नवाच प्रयोग मांडला. पत्र्याचा ट्रे, खाली मोटर, आत चाळीस छर्रे आणि अर्ध्या ट्रेत बोटभर उंचीची पायरी. मोटर एकाच वेगानं ट्रे हलवणार, छर्रे पायरीवर चढणार, उतरणार. दर मिनिटाला फोटो काढून वर किती आहेत ते लिहायचं. अशी दोनशे रीडिंग. भाऊंनी काम हौसेनं मागून घेतलं.

पहिलं रीडिंग बारा. दुसरं नऊ. तिसरं सोळा! भाऊंनी स्क्रू आवळले, पायाखाली पुठ्ठा सारला, मोटरला तेल पाजलं. पुढचं आलं सात. वीस रीडिंगनंतर त्यांनी सरासरी काढली आणि वळणदार अक्षरात दोनशे ओळी भरून टाकल्या.

मॅडमनी कागद बघितला. "देवरामभाऊ, सगळीकडे बारा?"

"मशीन लय चंचल होतं मॅडम. मी जरा सुधरवलं."

"मशीन, की आकडे?"

भाऊ चष्मा पुसू लागले.

मॅडम हसल्या. "अहो, मोटरचं हलवणं म्हणजे आपलं तापमान. ते आपण धरून ठेवलंय. पण छर्‍यांची ऊर्जा कशी धरणार? जितके वर, तितकी जास्त. मोटर ती देते आणि काढूनही घेते. ती सरासरीच्या किती वर-खाली जाते, त्यावरूनच मुलांना उष्माधारकता काढायचीय, म्हणजे तापमान वाढवायला किती ऊर्जा लागते ते. तुम्ही नेमकं तेच झाडून टाकलंत!"

भाऊंना रात्रीचं जेवण गेलं नाही. दुसर्‍या दिवशी पुठ्ठा काढून ते ट्रेसमोर बसले आणि दोन दिवसांत दोनशे रीडिंग खरीखुरी घेतली. लागोपाठ दोनदा अकरा आलं, तेव्हा तर त्यांना स्वतःचाच संशय आला आणि त्यांनी फोटोतले छर्रे पुन्हा मोजले.

मुलांनी आलेख काढला. बाराच्या आसपास छान उंचवटा उभा राहिला, फक्त एक ठिपका पार एकवीसवर एकटाच पडला होता. भाऊंनी खिशातून खोडरबर काढला. मग हळूच म्हणाले, "मॅडम, तेवढा एक पुसू का?"

"हात लावायचा नाही!" अख्खा वर्ग ओरडला.

भाऊंनी खोडरबर खिशात टाकला आणि चहा सांगायला निघून गेले.