वाटाड्याले आधीच देलेला रुपया

बायांनो, आज वेरूळच्या लेण्या पाह्यल्या, पन मी नुसती जळून राहिली.

यंदा कापसाले सोन्याचा भाव आला, म्हनून मी अन् माही धाकटी जाऊ गाड्या जुंपून निजामाच्या मुलखात आलो. दोघींनी एकेक वाटाड्या केला. मी तोऱ्यात अख्खा रुपया आधीच हातावर ठेवला. जाऊनं पदराची गाठ फक्त दाखवली. म्हने, "सगळं पाहून झालं की देईन."

माहा वाटाड्या दुसऱ्या लेण्यानंतर झाडाखाली जाऊन झोपला. तिचा वाटाड्या मशाल धरून, "मालकीनबाई, पाय जपा," म्हनत पुढं चालला. मी तिच्याच उजेडात, तिच्या मागं.

शेवटी तिनं आठ आने देले. त्यानं लवून मुजरा केला.

सांगा, रुपया माहा गेला, मंग मालकीनबाई ती कावून?