रिकाम्या कारखान्यातलं माहेरपण

तुमच्या घरात सुट्टीवर कधी जायचं, हे कोण ठरवतं?

आमच्या घरात बाबा ठरवायचे. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ते ऑपरेटर होते आणि युनियनचे कार्यकर्ते. घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. रविवारी चहा-बटर खाऊन त्यांच्या घड्या घालत बसायचं, हाच माझा खेळ. त्यातलं एक म्हणणं बाबा घरीही लावून धरायचे: सुट्टी हा हक्क आहे, भीक नाही. म्हणून शाळेच्या रजेच्या अर्जात 'पोटात दुखते' लिहायला सक्त बंदी होती.

"मामाकडे जायचंय, असं लिही. खरं कारण लिहायला लाज कसली?"

वर्गाच्या बाई हसायच्या आणि सही करायच्या.

मामा पेणला. तिथं त्याचा गणपतीचा कारखाना होता आणि लग्नाआधी आई त्या कारखान्यात मूर्ती रंगवायची. बाकीची मुलं मामाकडे मे महिन्यात जात. आम्ही जायचो विसर्जनं आटोपल्यावर, दिवाळीच्या आधी. ऑफ सीझनला सुट्टी घेण्यात किती शहाणपण आहे, यावर बाबांचं भाषण वाटेतच सुरू व्हायचं. आणि ते पटायचंही. एसटीत आम्हा सगळ्यांना खिडक्या मिळायच्या. मे महिन्यात मामा रंगाच्या हातांनी दारातूनच दोन शब्द बोलला असता. आता तो दुपारभर आमचाच असायचा. धरमतरच्या खाडीवर नेऊन मालाची बार्ज दाखवायचा, जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारत आम्हाला विसरून जायचा. एकदा बाबांनी कोलाडला खानावळीत जेवायला नेलं, तर दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं. मालकीण खुर्ची ओढून आमच्याजवळ बसली आणि तिनं घरच्यांसाठी केलेलं वालाचं बिरडं आमच्या ताटात वाढलं. मोसम सरला की माणसांना माणसांसाठी वेळ असतो, हे मी तिथं शिकले. आजही मी गर्दी ओसरल्यावरच फिरते. हे फायदे खोटे नव्हते, म्हणूनच तर मी फसले.

आई पेणला पोचली की घरात शिरण्याआधी कारखान्यात जायची. फळ्या रिकाम्या, कोपऱ्यात साचे रचलेले, जमिनीवर सांडून वाळलेला रंग. ती झाडू घ्यायची. मामी ओरडायची, "अगो, माहेरपणाला आलीस का कामाला? काय हाय तिथं आता?"

"काय नाय, म्हणून तर झाडते," आई म्हणायची.

एकदा मीही तिच्यामागे गेले, तेव्हा झाडू टेकवून म्हणाली, "चतुर्थीच्या आदल्या दिवशी बघायला हवंस. पार छतापर्यंत गणपती असतात. लोक पाट घेऊन येतात, वाजवत. आपण रंगवलेला कुणाच्या घरी चाललाय ते दारात उभं राहून बघायचं. लगीन झाल्यापासून नाय बघितलं. एकदा बघायचंय."

अडचण होती कंपनीची. बाबा दर वर्षी श्रावणात घरी येऊन सांगायचे, "गणपतीत नाय देत रजा. युनियनवाला ना मी, राग काढतात." मग आईही जायची नाही. कंपनी नवऱ्याला छळते आणि आपण माहेरी मोदक खायचे, हे तिला बरं वाटायचं नाही. तिनं त्यांचा लढा स्वतःचा मानला होता.

मीही मानला होता. कॉलेजात मी लिहिलेलं पहिलं पत्रक याच गोष्टीवर होतं: एका बाईला तिचं माहेर भरलेलं पाहू न देणाऱ्या नफ्यावर. बाबांनी ते माझ्यासमोर शेवटपर्यंत वाचलं, एका ठिकाणी स्वल्पविराम दिला आणि कागद परत केला.

गेल्या वर्षी बाबा निवृत्त झाले. त्यांचे सोबती आमच्याकडे दुपारी जेवायला आले होते. त्यातले एक काका आमटी भुरकत आईला म्हणाले, "वहिनी, तुमचे लय उपकार! ह्यांच्यामुळं आम्ही दर गणपतीला घरी. रजेचं ठरवायला बसलो की ह्यांचा हात पहिला वर. म्हणायचे, मला ठेवा ड्युटीवर! साहेब म्हणायचा, अहो, एक वर्ष तरी सासरवाडीला जा, बायको घराबाहेर काढील!"

सगळे हसले. बाबाही हसल्यासारखं करून ताटाकडे बघत राहिले.

"व्हय?" आई म्हणाली. मग तिनं काकांना भात वाढला.

पाहुणे गेल्यावर मी बाबांना धरलं.

"मला आरतीत हात जोडून उभं राहायचं नव्हतं," ते म्हणाले. "तुझ्या मामाकडे तमाशा झाला असता."

"मग तसं आईला सांगायचं. खरं कारण सांगायला लाज कसली?"

"तिला वाईट वाटलं असतं."

"आणि आता?"

देव न मानणं हा त्यांचा हक्क होता. त्यासाठी मी कुणाशीही भांडले असते. पण कंपनीच्या गेटवर ओरडून बोलणारा हा माणूस घरात आरतीपासून खोट्या कारणाची रजा घेत आला होता. कंपनीनं इतर काय केलं असेल ते असो, या एका गुन्ह्यात ती निर्दोष होती, आणि तिच्याविरुद्ध मी बाबांच्याच साक्षीवर निकाल लिहिला होता.

बाबा उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. आई भांडी घासत होती.

"यंदा जाऊ या गणपतीत," ते म्हणाले. "मी येतो. दारात थांबेन हवं तर."

आईनं मागे वळून पाहिलं नाही. "कुठं जायचं? भावानं साचे विकून टाकले. कारखान्याच्या जागेत लोकांचे टेम्पो उभे असतात. आता बाराही महिने ऑफ सीझनच हाय."

तुम्ही गर्दी टाळून जरूर फिरा. खिडकी मिळेल, गप्पा मिळतील, ताटात बिरडंही पडेल. पण हे वाचून झालं की उठा आणि तुमच्या घरात जी बाई सगळ्यांच्या बॅगा भरते तिच्याजवळ जाऊन विचारा, तुला कधी जायचं होतं? आणि ती "काय नाय" म्हणाली, तर तिथून हलू नका. पुन्हा विचारा.