पाळणाबाईंची पडवी

पाळणाबाई कुणाच्याही घरात शिरल्या की आधी पोर उचलायच्या, मग बोलायच्या. आमच्या घरी आल्या तेव्हा नवरा गेल्यापासून मी कोपरा धरून बसले होते. रांगणारी माझी लेक त्यांनी कडेवर घेतली आणि सासूबाईंसमोरच विचारलं, "निराधारचा पगार सुरू झाला का गं?"

मी मान डोलावून हो म्हटलं.

"मंग आता तो बंद करायच्या तयारीला लाग. हातपाय धड हायत तुझं."

मी हबकलेच. त्या सरकारी पगारासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या होत्या मी, आणि ही बाई बिनदिक्कत तो सोडायला सांगत होती!

अख्खं पुणतांबं त्यांना पाळणाबाईच म्हणायचं. आपल्या पडवीत साड्यांच्या झोळ्या बांधून त्या कामावर जाणाऱ्या बायांची पोरं सांभाळत. माझ्यासारख्यांना कामही शोधून देत, पण पोराची सोय लावून मगच. "पोर रडतंय म्हनून बाई काम सोडती," त्या म्हणायच्या. "आधी पोराचं बघायचं, मंग आईचं." माझ्यासाठी त्यांनी राहात्याला फळांच्या पॅकिंग शेडमध्ये शब्द टाकला होता. पेरू संपला की डाळिंब, असं बारमाही काम.

सासूबाई कडाडल्या, "पगार जाईल आन् काम बी सुटंल. मी न्हाई हिची पोर सांभाळनार." त्यांची धास्ती खोटी नव्हती. मलाही तीच भीती होती.

तरी लेकीला पडवीत ठेवून मी पहाटे पारापाशी गेले. शेडचा टेम्पो तिथूनच सुटायचा. मी मात्र भिंतीच्या आडोशाला उभी राहिले. सकाळच्या पारी ड्रायव्हरला विधवेचं तोंड नको दिसायला. सगळ्या चढल्या की हळूच मागून चढावं, असा माझा शहाणपणा. सगळ्या चढल्या आणि टेम्पो निघून गेला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. शेडमधून निरोप आला, उद्या आली नाही तर दुसरी बाई घेऊ.

पाळणाबाई बोल लावतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठं उभी हुतीस?" मी सांगितलं. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्या स्वतः पारापाशी आल्या, पिशवीतून नारळ काढला आणि माझ्या हातात ठेवला. "फोड. टेम्पोच्या म्होरं." बाया टेम्पोतून वाकून बघायला लागल्या. ड्रायव्हर खाली उतरला, तशी मी एक पाऊल मागे सरले.

"अण्णा, हिचं तोंड बघून चाक बसलं, तर मी बदलीन," पाळणाबाई म्हणाल्या.

ड्रायव्हरनं चपला काढल्या आणि टेम्पोसमोर हात जोडले. मी नारळ फोडला. कसा फोडला ते विचारू नका. टेम्पो सुखरूप राहात्याला पोचला, याचंच मला दिवसभर नवल वाटत होतं.

काम टिकलं. निराधारचा पगार मी आपल्या हातानं बंद करून आले. टेम्पोत मात्र बसायचे ती मागच्या कोपऱ्यातच. त्यावरून पाळणाबाई रोज चिडायच्या, अगदी सासूबाईंदेखतही, "म्होरं जागा हाय की गं!"

अशी वर्षं गेली, आणि गेल्या हिवाळ्यात त्या झोपेतच गेल्या. आदल्या संध्याकाळी माझ्या लेकीची वेणी घालून देणारी बाई सकाळी नाही, हे मनाला पटतच नव्हतं. माती झाली. दुसऱ्या पहाटे आम्ही सगळ्या पोरं घेऊन त्यांच्या पडवीत सुन्न उभ्या. झोळ्या तशाच लटकत होत्या. पाराकडून टेम्पोचा हॉर्न वाजत होता. आज घरी बसलो तर कायमच्या बसणार, हे सगळ्यांना कळत होतं, पण पोरं टाकणार कुठं?

तेवढ्यात सासूबाई आल्या. कुणाशी बोलल्या नाहीत. शेजारणीच्या काखेतलं रडणारं पोर त्यांनी उचललं, झोळीत घातलं, दोरी हातात घेतली, आणि मग माझ्याकडे वळल्या.

"बघत काय ऱ्हायलीस? टेम्पो जाईल."

मी लेकीचा हात धरून तशीच उभी.

"जा म्हनते ना," त्या म्हणाल्या. "आन् म्होरं बस."